पेटीचं बारीक भोक

(युसूफ वडगाव, तालुका केज, जिल्हा बीड येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेलं भाषण)



तुमचे गुरुजी मला म्हणाले, "ताई, आमच्या वर्गातल्या लोकांना आता वाचता येतं. पाटीवरचे धडे झाले. आता रोजच्या कामातलं काही सांगा." मी विचारात पडले. मी काही भाषण करणारी बाई नाही. एका लहान कार्यालयात मी कॉम्प्युटरवर बसते. दाखल्याचे अर्ज भरते, सातबारा छापून देते. माझ्याजवळ सांगण्यासारखं काय असणार? मग म्हटलं, माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली होती, तीच सांगावी. दुसऱ्याची चूक लोक मन लावून ऐकतात.

कार्यालयाचं नाव सांगत नाही. गावाचंही नाही. आपल्याच भागातलं आहे, एवढं पुरे.

दसरा होऊन गेला होता. आपल्याकडे दसरा झाला म्हणजे काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयत्याला धार लागते. पीठमीठ, भांडीकुंडी, पांघरुणं यांची गाठोडी बांधली जातात. आणि एक दिवस ट्रक येऊन वेशीपाशी उभा राहतो. त्या दिवशी आमच्या गावातला ट्रक रात्री आठला सुटणार होता.

सकाळी अकराला एक मावशी कार्यालयात आल्या. बरोबर त्यांची मुलगी. आठवीतली. वसतिगृहात तिच्यासाठी जागा होती. पण उत्पन्नाचा दाखला पाहिजे होता. दाखल्याचा अर्ज कॉम्प्युटरवरूनच जातो. त्याला आईची सही, आईचे कागद आणि आईच्या फोनवर येणारा आकडा लागत होता. मुलीच्या वडिलांनी सरळ सांगितलं होतं, "आज अर्ज गेला तर ती आजीजवळ राहील. नाही गेला तर गाठोडं घे आणि ट्रकमध्ये बस."

म्हणजे पाहा, त्या पोरीची शाळा माझ्या कॉम्प्युटरवर येऊन ठेपली होती.

रांगेत पंधरा-सोळा माणसं होती. मी अर्जाचं पान उघडलं. पडद्यावर नुसता गोल फिरत राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लोक कुजबुजू लागले. कोणी म्हणालं, "नेट गेलं." कोणी म्हणालं, "बाई नवी दिसते." मला लागलं ते. रांगेतून एक शहाणा पुढे झाला. तो म्हणाला, "ताई, त्या वायफायच्या पेटीला मागं बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून दाबा. नेट एकदम पळायला लागतं."

मी पदराची सेफ्टीपिन काढली. भोकात घातली. दाबून धरली. मनात दहा आकडे मोजले.

पेटीवरचे सगळे दिवे विझले. मग एकेक करून लागले. मला वाटलं, झालं काम. कॉम्प्युटरकडे पाहते तर नेट पार गेलेलं! आमच्या वायफायचं नावच यादीत दिसेना. मघाशी नेट सावकाश का होईना, चालू होतं. आता काहीच नव्हतं.

आता मी काय केलं होतं, ते आधी समजून घ्या. या पेटीला राउटर म्हणतात. राउटरला दोन तऱ्हांनी पुन्हा सुरू करता येतं. एक, बटण बंद करून अर्धा मिनिट थांबायचं आणि परत चालू करायचं. याला रीस्टार्ट म्हणतात. थकलेल्या बैलाला घटकाभर सावलीत उभं करावं, पाणी पाजावं आणि परत जुंपावं, तसं हे आहे. बैल तोच. शिकवलेलं तो विसरत नाही. पुष्कळ वेळा एवढ्यानंच काम होतं.

दुसरी तऱ्हा बारीक भोकाची. तिला रीसेट म्हणतात. यात पेटी सगळं विसरते. कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी होते. शिकवलेला बैल पुन्हा गोऱ्हा झाला म्हणा ना! त्याला ना तास कळतो, ना धन्याची हाक. भोक बारीक का ठेवलेलं आहे? सहज बोट जाऊ नये म्हणून. पण टाचणी जाते, आणि शहाणेही रांगेत असतातच.

पेटी काय काय विसरली? आमच्या वायफायचं नाव विसरली. आमचा पासवर्ड विसरली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ज्या कंपनीकडून नेट येतं तिच्या दारात सांगायचं नाव आणि परवलीचा शब्द विसरली.

हे कळायला नेट येतं कसं, ते थोडं पाहू. धनेगावचं मांजरा धरण तुम्हाला ठाऊक आहे. धरणात पाणी असतं. ते कालव्यानं येतं, चारीनं येतं आणि मग तुमच्या शेताच्या बांधाशी येतं. बांधापासून पुढे तुम्ही दांड काढून सऱ्यांत पाणी सोडता. नेटचं असंच आहे. कंपनीपासून पेटीपर्यंत एक वाट. ती कंपनीच्या तारेची. पेटीपासून तुमच्या फोनपर्यंत दुसरी वाट. ती वायफायची, हवेतून जाणारी. पिकाला पाणी मिळेना तर शहाणा शेतकरी काय करतो? आधी बांधापाशी जाऊन पाहतो. चारीत पाणी आहे का? चारीत असेल तर दोष आपल्या दांडात. चारीच कोरडी असेल तर दांड उकरून काय उपयोग?

आता चारीही कोरडी नाही, दांडही नीट आहे, पण धरणाच्या दारापाशीच गर्दी उडाली तर? त्या दिवशी माझं तसंच झालं होतं. अर्जाचं जे ठिकाण होतं, तिथंच माणसांची गर्दी होती. आमची पेटी धडधाकट होती. मी दुसरं एखादं पान उघडून पाहिलं असतं, बातम्यांचं म्हणा, हवामानाचं म्हणा, तर ते झटकन उघडलं असतं आणि मला कळलं असतं. एवढं एक काम मी केलं नाही.

असो. सेफ्टीपिन पदराला लावून मी कपाळाला हात लावला. आमचे शिपाईमामा वयस्क आहेत. ते म्हणाले, "ताई, पेटी उलटी करून पाहा. तिच्या बुडाला काहीतरी लिहिलेलं आहे."

खरंच होतं. बहुतेक पेट्यांच्या बुडाशी किंवा पाठीला एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर वायफायचं जन्माचं नाव आणि जन्माचा पासवर्ड छापलेला असतो. रीसेट झालेली पेटी त्याच नावानं ओळख देते. मी फोनवर यादी उघडली. एक अनोळखी नाव दिसत होतं. तेच चिठ्ठीवर होतं. आता पासवर्ड टाकायचा.

मंडळी, वाचता येणं म्हणजे नुसतं अक्षर ओळखणं नाही, हे मला तिथं कळलं. चिठ्ठीवरची अक्षरं इंग्रजी आणि मुंगीएवढी. इंग्रजी ओ आणि शून्य सारखेच दिसतात. इंग्रजीतला एकचा आकडा, लहान एल आणि मोठा आय हे तिघे तर जुळे भाऊ. शिवाय इंग्रजीत मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं धरलं जातं. घाईत एक चुकलं की पेटी दार उघडत नाही. मी तीनदा टाकला, तीनदा चुकला. शेवटी फोननं चिठ्ठीचा फोटो काढला आणि तो मोठा करून पाहिला. मला ओ वाटत होता तो शून्य निघाला. ही फोटोची युक्ती ध्यानात ठेवा. म्हाताऱ्या डोळ्यांना फार उपयोगी आहे.

जोडणी झाली. मला आनंद झाला. पण फोनवर अक्षरं उमटली, 'जोडले आहे, इंटरनेट नाही.'

या ओळीचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पुष्कळ लोक इथं गोंधळतात आणि पुन्हा टाचणी शोधतात. 'जोडले आहे' म्हणजे दांड नीट आहे. पेटी आणि फोन यांची ओळख पटली. 'इंटरनेट नाही' म्हणजे चारीतून पाणी येत नाही. म्हणून आता वायफायच्या पासवर्डाशी झटापट करण्यात अर्थ नाही. बाहेरची वाट पाहिली पाहिजे.

बाहेरची वाट पाहायची म्हणजे दिवे पाहायचे. पेटीवरचे दिवे शोभेचे नाहीत. एक दिवा विजेचा. तो नसेल तर आधी बोर्डाचं बटण पाहा, मग पेटीला जोडलेली वायरीची डबी पाहा. तिला अडॅप्टर म्हणतात. दुसऱ्या यंत्राची डबी पेटीला लावू नये. भोकात बसली तरी तिची वीज कमी-जास्त असते. काचेच्या तारेची पेटी असेल तर तिच्यावर पॉन नावाचा एक दिवा असतो. तो हिरवा आणि स्थिर असावा. आणि एक लॉस नावाचा असतो. तो लाल लागला तर समजावं, कंपनीच्या तारेतून उजेडच येत नाही. तार कुठंतरी तुटली, वाकली किंवा निसटली. अशा वेळी पेटीचं कितीही रीसेट करा, काही होणार नाही. रस्ता खोदताना जेसीबीनं तार तोडली, तर सेफ्टीपिन काय करणार?

काचेची तार म्हटल्यावर काही जण हसले. पण खरंच काच असते. केसासारखी बारीक काचेची तार, आणि तिच्यातून उजेड धावतो. त्या उजेडावर बसून आपला सातबारा येतो. काचेच्या तंतूंतून चित्र पाठवता येतं, हे ज्यांनी १९५४ साली जगापुढे मांडलं, त्यांत आपल्या पंजाबातले नरिंदरसिंग कपानी होते. पुढं चार्ल्स काव नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवलं की, काच पुरेशी शुद्ध केली तर उजेड कितीतरी लांब जाईल. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या देशात सर्वसाधारण लोकांना इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून येई आणि मुंबई-दिल्लीसारख्या शहरांपुरतंच होतं. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार न्यायची, असं सरकारनं ठरवलं ते २०११ साली. त्या योजनेला पुढं भारतनेट नाव पडलं. ही तार फार कोनात दुमडू नये, खिळ्याला गुंडाळू नये. आणि तिचं निघालेलं टोक डोळ्याजवळ धरून आत पाहू नये. तो उजेड डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. लहान पोरांना हे आवर्जून सांगा.

आमच्या पेटीचा लाल दिवा लागलेला नव्हता. पॉन हिरवा होता. म्हणजे तार ठीक. उजेड पेटीच्या दारापर्यंत येत होता. पण पेटीला कंपनीच्या दारात आपलं नाव सांगता येत नव्हतं.

हे नाव पेटीला पुन्हा शिकवता येतं. त्यासाठी पेटीचं स्वतःचं एक पान असतं. कॉम्प्युटरवर जिथं पत्ता लिहितात त्या वरच्या पट्टीत काही आकडे टाकायचे. ते बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असे असतात. कोणते, ते बुडाच्या चिठ्ठीवर दिलेलं असतं. मधले ठिपके विसरायचे नाहीत. आणि आकडे इंग्रजीत टाकायचे. हे पान उघडायला बाहेरचं नेट लागत नाही. कारण ते पेटीच्याच पोटात असतं. वायफायनं उघडेना तर पेटीपासून कॉम्प्युटरपर्यंत जाड वायर लावावी. पेटीला मागं चार-पाच खाचा असतात. पेटी वेगळी असेल आणि कंपनीची वायर तिच्यात येत असेल, तर त्या वायरीची खाच निराळी असते. बहुधा रंगही निराळा असतो. घाईत ती वायर दुसऱ्या खाचेत बसते आणि मग माणूस तासभर डोकं खाजवतो.

पान उघडलं. तेही आत जाण्यासाठी नाव आणि पासवर्ड मागतं. तेही चिठ्ठीवर होतं. आत गेले. तिथं कंपनीनं दिलेलं नाव आणि परवलीचा शब्द विचारत होते. तो कुठं होता?

शिपाईमामा म्हणाले, "नेट बसवायला आलेल्या पोरानं भिंतीवर लिहिला होता. पेन्सिलीनं. पंचांगाच्या मागं."

आम्ही पंचांग उचललं. मागं भिंत पांढरीशुभ्र! दसऱ्यापूर्वी कार्यालयाला चुना दिला होता. मामांनीच दिला होता. ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. कोणी कोणाला बोलायचं?

कंपनीला फोन लावला. तिथं गाणं वाजत होतं. मधूनमधून एक बाई सांगत होती की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. अर्धा तास गेला. मग माणूस बोलला. त्यानं ग्राहक क्रमांक विचारला. तो बिलावर असतो. बिल कपाटात, आणि कपाटाची किल्ली ग्रामसेवकभाऊंकडे. ते तालुक्याला मीटिंगला. माणूस म्हणाला, "उद्या आमचा मुलगा येईल."

उद्या! ट्रक आज आठला. तोवर चार वाजले होते. रांगेतली माणसं एकेक करून उठून गेली. त्यांचा दिवस बुडाला. त्या दिवसाची मजुरी कोण भरून देणार? मावशी मात्र उठल्या नाहीत. भिंतीला टेकून बसून राहिल्या. म्हणाल्या, "ताई, तुमी करा काय करायचं ते. मी हाय."

तेव्हा ती मुलगी हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या फोनला नेट आहे ना? ते कॉम्प्युटरला देता येत नाही का? आमच्या सरांनी शाळेत तसं केलं होतं."

मला इतकी लाज वाटली म्हणता! पाच तास मी पेटीभोवती फिरत होते. नेट माझ्या पिशवीत होतं. विहीर आटली म्हणून रडत बसावं आणि शेजारी बोअर चालू असावा, तशी गत.

याला हॉटस्पॉट म्हणतात. फोन स्वतःच वायफायची पेटी होतो. आमचा कॉम्प्युटर जुना, त्याला वायफाय पकडता येत नव्हतं. तर फोनची चार्जिंगची वायर कॉम्प्युटरला लावली. फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग नावाचा खटका असतो तो चालू केला. तारेतून नेट आलं. पण आमच्या खोलीत रेंज एकच कांडी. मग कॉम्प्युटर टेबलासकट खिडकीशी ओढला. मामांनी टेबल धरलं, मुलीनं वायरी धरल्या. खिडकीच्या गजाला फोन दोरीनं बांधला. तीन कांड्या आल्या.

संध्याकाळ झाली तशी अर्जाच्या ठिकाणची गर्दीही ओसरली होती. पान उघडलं. मावशींचे कागद एकेक करून चढवले. प्रत्येक कागदाला चार-चार मिनिटं. मावशींच्या फोनवर आकडा आला. तो त्यांनी स्वतः वाचून दाखवला. सहा आकडे, न अडखळता. सात वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर पोच आली. अर्ज गेला.

आता पोच छापून द्यायची. तर छापखाना बंद! म्हणजे आमचा प्रिंटर. तो वायफायवर चालणारा. पेटीचं जुनं नाव गेलं, तशी त्याचीही पेटीशी ओळख तुटली. तो बिचारा जुन्याच नावाला हाका मारत होता. वेशीकडून ट्रकचा भोंगा ऐकू येऊ लागला.

मी मावशींना म्हटलं, "थांबा, मी नंबर लिहून देते." त्या म्हणाल्या, "मला द्या पेन." त्यांनी पिशवीतून मुलीची वही काढली. पडद्याजवळ तोंड नेलं. लांबलचक नंबर. एकेक आकडा मोठ्यानं म्हणत, गिरवून गिरवून लिहिला. मुलगी मागून पाहत होती. एका ठिकाणी ती म्हणाली, "आई, दोन शून्य आहेत." मावशींनी जागा करून दुसरं शून्य घातलं. पान फाडून त्यांनी पोरीच्या हातात दिलं. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भराभरा वेशीकडे गेल्या. आमच्या मावशी आदल्याच वर्षी साक्षरता वर्गाला बसल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मुलगा आला. विशीतला असेल. त्यानं पाच मिनिटांत काम केलं. त्याला मी विचारलं, "अरे दादा, आम्हाला शिकवून जा की." त्यानं पुष्कळ सांगितलं. कामाचं तेवढं तुम्हाला सांगते.

तो म्हणाला, काही कंपन्यांच्या पेट्या रीसेट झाल्या तरी कंपनीकडून सगळं आपोआप परत मागवून घेतात. म्हणून रीसेट झालंच तर दहा मिनिटं पेटीला हात लावू नये, वाट पाहावी. काही पेट्यांना मात्र नाव आणि परवलीचा शब्द हातानं सांगावा लागतो. आमची तसली होती. आणि काही पेट्यांत कंपनीला ओळख देणारा खुणेचा आकडाही पुसला जातो. मग पॉनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत राहतो. अशा वेळी आपण काही करू नये. तो कंपनीच्याच माणसाचा प्रांत.

मग त्यानं एक गंमत केली. पेटीच्या पानात जाऊन वायफायचं नाव आणि पासवर्ड अगदी पूर्वी होता तोच ठेवला. अक्षराला अक्षर. त्याबरोबर काय झालं असेल? माझा फोन आपोआप जोडला गेला. ग्रामसेवकभाऊंचा जोडला गेला. प्रिंटरनं घर्र केलं आणि तोही जागा झाला. कोणाला काही सांगावं लागलं नाही. त्यांच्या लेखी पेटी बदललीच नव्हती. मी नवं नाव ठेवायला निघाले होते. ते ठेवलं असतं तर प्रत्येक यंत्रापाशी जाऊन पुन्हा ओळख करून द्यावी लागली असती. नाव तेच आणि पासवर्ड मात्र वेगळा असला, तर अधिकच घोटाळा. फोन जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा सांगत राहतो. मग फोनमधून ते नाव 'विसरा' म्हणून काढून टाकावं लागतं आणि नव्यानं जोडावं लागतं.

पण प्रिंटरनं एक खोड काढलीच. जागा झाला, पण कागद काही निघेना. मुलगा हसला. त्यानं समजावलं. पेटी घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देते, घरनंबरासारखा. पूर्वी प्रिंटरसाठी एक नंबर कायम राखून ठेवलेला होता. पेटी ते विसरली आणि तिनं त्याला दुसराच नंबर दिला. कॉम्प्युटर जुन्या घरनंबरावर कागद पाठवत होता. त्या घरी आता कोणी राहत नव्हतं. मुलानं प्रिंटरचा जुना नंबर पुन्हा राखून ठेवला. त्यासरशी आदल्या दिवसापासून अडलेले कागद धडाधड बाहेर पडले. त्यांत मावशींची पोचही होती. मी पोचीसाठी दहा-बारा वेळा बटण दाबलं होतं. दहा-बारा निघाल्या!

जाता जाता तो म्हणाला, "ताई, पेटीच्या पानात शिरायचा पासवर्ड चिठ्ठीवरचा ठेवू नका. बदला." मी विचारलं, का? तो म्हणाला, "कितीतरी पेट्यांचा तो सारखाच असतो. रांगेतल्या कोणालाही ठाऊक असतो. तुमच्या कॉम्प्युटरवर लोकांचे आधार, बँकेचे कागद आहेत." खरं होतं त्याचं. आपण दाराला कुलूप लावतो आणि किल्ली दारावरच टांगून ठेवतो. आता आमचा पासवर्ड निराळा आहे. भिंतीवर नाही. एका वहीत आहे, आणि वही कपाटात. त्या वहीत कंपनीचा फोन, ग्राहक क्रमांक, कंपनीनं दिलेलं नाव, परवलीचा शब्द, वायफायचं नाव, प्रिंटरचा नंबर असं सगळं शाईनं लिहिलेलं आहे. किल्ली दोघांकडे असते. एक माझ्याकडे आणि एक मामांकडे. मामांनी ती करगोट्याला बांधली आहे!

आणखी एक ध्यानात ठेवा. नेट बिघडलं की कधीकधी अनोळखी माणसाचा फोन येतो. म्हणतो, मी कंपनीतून बोलतो, फोनवर आलेला आकडा सांगा. सांगू नका. बिलावर जो फोन छापलेला आहे तिथं आपण होऊन फोन करावा. मावशींनी आकडा मला वाचून दाखवला, तो समोर बसून आणि त्यांच्याच अर्जासाठी.

तुम्ही विचाराल, पोरीचं काय झालं? तिचा दाखला आला. ती वसतिगृहात गेली. मागच्या सुट्टीत आली होती कार्यालयात. उंच झाली आहे. म्हणाली, "ताई, पेटी ठीक आहे ना?"

बरं, बोलणं फार झालं. ही पाहा, आमच्या कार्यालयातली जुनी पेटी मी पिशवीतून आणली आहे. नेट नाही तिला, भिऊ नका. ती हातोहात फिरवा. मागचं भोक पाहा, पण टाचणी घालू नका. मग उलटी करा आणि चिठ्ठी वाचा. अक्षरं इंग्रजी आहेत. येत नसतील तर सोडा, पण आकडे तर तुम्हाला येतात. पहिल्या ओळीत शून्य किती आहेत आणि ओ किती आहेत, ते मला सांगा. मागच्या ओळीतल्या काकू, तुमच्यापासून सुरुवात करू या. चष्मा लावा.